एका 'द'ची गोष्ट

मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त कोण छळत असेल तर अ, अॅन आणि द. कारण उघड आहे, आपल्याकडे हा प्रकारच नाही. "टेबलावर पुस्तक आहे." कुठलं? ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. फारच अडलं तर आपण 'एक' लावतो (एक माणूस आला होता), नाहीतर 'तो' (तो माणूस परत आला). गंमत म्हणजे इंग्रजांनीही हेच केलंय. त्यांचा 'अॅन' म्हणजे मुळात जुन्या इंग्रजीतला 'एक', आणि 'द' हा आपल्या 'तो-ती-ते'च्याच जातीचा. फरक इतकाच, की आपण वाटलं तर लावतो, त्यांना लावावंच लागतं.

शाळेत काय शिकवलं? स्वराआधी अॅन, बाकी अ. तेही अक्षर बघून! बघायचा असतो उच्चार. म्हणून 'अॅन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. एसक्यूएल म्हणणारा त्याच्यामागे 'अॅन' लावतो, त्यालाच सीक्वेल म्हणणारा 'अ' लावतो, आणि दोघंही बरोबर. (यावरून कोड रिव्ह्यूत भांडणारे लोक मी पाहिलेत. असो.)

पण खरी मेख 'द'मध्ये आहे. आमच्या टीममध्ये परभणीकडचा एक मुलगा आहे. मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे त्याला हा विषय दहावीपर्यंत दहा वर्षं होता. कोड फर्स्टक्लास लिहितो. मध्यंतरी कुणीतरी त्याला "तू 'द' खातोस" म्हणून टोकलं. तेव्हापासून हा दिसेल त्या नामाला 'द' लावत सुटला. क्लायंटने सात बग्ज कळवले होते, त्यातले याने तीन फिक्स केले आणि मेल टाकली, 'वुई हॅव फिक्स्ड द बग्ज.' क्लायंटने अर्थ घेतला, सातही झाले. नुसतं 'बग्ज' लिहिलं असतं तर निदान त्याने विचारलं असतं, कुठले? बिल्ड लाइव्ह गेली आणि उरलेले चार बग्ज युजर्सना सापडले.

मॅनेजरचा निकाल: "याचं कम्युनिकेशन वीक आहे." क्लायंटच्या मेल्स बंद, कॉल बंद. अॅप्रेझल दोन महिन्यांवर आलंय हो!

मी त्याला चहाला घेऊन गेलो. म्हटलं, 'अ' म्हणजे न्यू, नवीन ऑब्जेक्ट. 'द' म्हणजे आधीच डिक्लेअर केलेला व्हेरिएबल, वाचणाऱ्याच्या स्कोपमध्ये तो असायलाच हवा. आणि अनेकवचनाला 'द' लावलास की अख्खा अॅरे आला. त्याने दोन मिनिटं विचार केला आणि विचारलं, "मग 'द सन' म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल का?"

ज्याला हे पाच मिनिटांत कळतं त्याचं कम्युनिकेशन वीक कसं? सोमवारी मॅनेजरशी बोलणार आहे. पुढच्या रिलीजची मेल यानेच लिहावी, पाठवण्याआधी मी वाचेन, असं म्हणणार आहे.