मशीनवर घेण्याआधी

‘अलाइनमेंट कालच केलंय, तरी स्टिअरिंग हातात ठरत नाही,’ अशी तक्रार घेऊन जुनी मारुती 800 आली, की मी लगेच मशीनकडे वळत नाही. आधी हवा बघतो, मग पुढच्या टायरवर तळवा फिरवतो. बाहेरच्या कडेकडून आत येताना रबराची धार बोचली, तर चाकं पुढून फाकलेली आहेत, म्हणजे टो-आऊट. अशी गाडी सरळ धावायला तयारच नसते. स्टिअरिंग जरासं हललं तरी झपकन वळते. बारा इंची चाकाच्या रिमवर मोजून दोन्ही बाजू मिळून 3 मिलिमीटर चूक असेल, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे साधारण साडेचार मीटर आडवं घासत जातं. नवा टायर आतून इतक्या लवकर का खाल्ला जातो, ते यावरून कळावं.

पण टो मुळात चुकला कशाने? टाय रॉडचा कसलेला लॉकनट आपणहून सुटत नाही. बहुधा काहीतरी झिजलेलं किंवा वाकलेलं असतं, आणि ते तसंच ठेवून आकडे जुळवले तर पैसे वाया जातात.

1983 ते 2014 एवढा काळ बनत राहिलेल्या या गाडीत लोअर आर्म पुढे-मागे सरकू नये म्हणून वेगळा दांडा दिलेला नाही. ते काम स्टॅबिलायझर बारच करतो. म्हणून त्याचे रबरी बुश गेले की नुसती खडखड होत नाही. ब्रेक मारला की चाक खालून मागे सरकतं, ॲक्सिलरेटर दिला की पुढे येतं. मागे सरकलं की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः कॅस्टरमुळे. सोबत टोही हलतो. गाडी उभी असताना यातलं काही घडत नाही, म्हणून मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसू शकतात.

याची परीक्षा रस्त्यावरच होते. मोकळा, सपाट रस्ता बघून पन्नासच्या वेगात पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम काढायचा. गाडीचं नाक एका बाजूला गेलं आणि पाय पुन्हा दिल्यावर दुसरीकडे आलं, तर मी आधी बुश उघडतो. सतत डावीकडेच ओढत असेल तर घाई नको. आपले रस्ते पाणी जाण्यासाठी डावीकडे उतरते असतात. तरी शंका असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलावेत. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा.

मग गाडी जॅकवर. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं की टाय रॉड एंडचा आणि रॅकचा प्ले कळतो. बारा आणि सहाला धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. अशा वेळी आत कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगतो. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

मला खरा संताप येतो तो रॅक आवळण्याच्या सवयीचा. रॅक झिजतो मधल्या भागात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू कसला, की कडेचे न झिजलेले दात जाम होतात. घाटातल्या वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग परत येत नाही. रॅक बदलायचा खर्च वाचवण्यासाठी हे करणं धोक्याचं आहे. हौसेने घातलेले रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिमही जुन्या गाडीला अशाच बिथरवतात.

नवे बुश घातल्यावर त्यांचे नट गाडी चारही चाकांवर उभी करूनच शेवटचे कसावेत, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. यानंतर मशीन. 800 मध्ये जुळवता येतो तो फक्त पुढचा टो. तरीही डाव्या-उजव्या कॅस्टरचे आकडे प्रिंटवर मागून घ्या. दोन्हींत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर एखादा आर्म वाकलेला किंवा बुश गेलेला असणार. गाडी पुन्हा जॅकवर घ्यायला लावा.