निदान कीं कमाल?

लग्नघरीं आम्ही पाहुण्यांचीं डोकीं मोजतों, मगच अंथरुणें काढतों. शहरांतील बेघरांच्या निवाऱ्याचा हिशेब मात्र निराळा झाला. २०१३ सालच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानें दर लाख वस्तीमागें निदान १०० जणांचा निवारा ठरविला. बांधणीचा ७५ टक्के खर्च आरंभीं केंद्राकडे, उरलेला राज्याकडे. जागा शोधणें नगरपालिकेकडे. २०११ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती सुमारें १ कोटी २४ लाख. म्हणजे १२,४०० जणांची सोय. बेघर मात्र त्याच शिरगणतींत ५७ हजारांवर! योजना पुरती पार पडली, तरी पांचांतले जवळजवळ चौघे पदपथावरच राहणार. अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनीं ‘निदान’ या शब्दाचा अर्थ ‘कमाल’ असा करूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.