करपल्लवी

शालेय बास्केटबॉलचे जिल्हास्तरीय सामने आपल्याकडे बरेचदा ऐन पावसाळ्यात येतात. सिमेंटचं कोर्ट, पोत्यांनी टिपून घेतलेलं पाणी, मध्यरेषेच्या टोकाशी वर्गातून उचलून आणलेला बाक, आणि त्यावरच्या स्कोअरशीटवर ओणवी झालेली नववी-दहावीतली मुलगी. सगळे बास्केटकडे पाहत असतात, माझं लक्ष मात्र तिच्याकडे जातं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदी लाल शाईत, दुसऱ्या आणि चौथ्याच्या निळ्या किंवा काळ्या. बास्केट झाली की आकड्यावर तिरपी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची रेघ एका बाजूला झुकते, डावखुऱ्याची दुसऱ्या. लिहिणाऱ्याचा हात कागदावर राहतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

शिट्टी वाजते. पंचांची मूठ वर जाते, घड्याळ थांबतं. पंच टेबलासमोर येऊन उभे राहतात आणि करपल्लवी सुरू होते. पाचपर्यंतचा नंबर उजव्या हाताने, दहापर्यंत दोन्ही हातांनी. अकरा असेल तर उजवी मूठ आणि डाव्या हाताचं एक बोट. चोवीस असेल तर आधी हाताची मागची बाजू दाखवून दोन, मग तळहात पुढे करून चार. पूर्वी नंबर चार ते पंधरा एवढेच असायचे. 2014 साली नव्याण्णवपर्यंतचे सगळे नंबर मोकळे झाले आणि ही बोटांची बोली लांबली. नंबरानंतर फाऊल कसला ते सांगायचं, ढकललं की हातावर मारलं, आणि मग पुढे काय, साइडलाइनवरून चेंडू की फ्री थ्रो.

एवढं सांगून झालं तरी चांगला पंच लगेच वळत नाही. सहकारी पंच खेळाडूंवर नजर ठेवून असतो, म्हणून याला क्षणभर मैदानाकडे पाठ करता येते. तो त्या मुलीकडे पाहतो. ती लिहिते, मान वर करते, होकार देते. मगच तो वळतो. पन्नाशीतला अनुभवी माणूस आणि शाळकरी मुलगी यांच्यामधला हा विश्वास मला सामन्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

कारण पंच निर्णय देतात, पण कुणाचे किती फाऊल झाले हे मनात ठेवून त्यांना धावता येणार नाही. खेळाडूचा पाचवा फाऊल आधी तिला कळतो, आणि ती सांगते तेव्हा तो खेळाडू बाहेर जातो. एका क्वार्टरमधल्या संघाच्या फाऊलचा हिशोबही तिच्याच कागदावर असतो. 1891 साली स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी या खेळाचे तेरा नियम लिहिले, तेव्हा वेळ आणि गोल दोन्हींची मोजदाद रेफरीकडेच होती. पहिला सामना 1-0 असा संपला, त्याला वेगळा गुणलेखक लागला नसेल. आज मिनिटामिनिटाला बास्केट होते, म्हणून रेफरीच्या कामाचाच एक भाग टेबलावर आला. टेबलावर बसलेल्या मुलांना हाताखालची माणसं समजून त्यांच्यावर ओरडणारे पंच मी पाहिले आहेत. ते ओरडतात तेव्हा स्वतःच्याच कामाचा मान घालवतात.

या कामात गप्प राहणं सगळ्यात अवघड. नोंदीत चूक सापडली तरी खेळ चालू असताना भोंगा वाजवायचा नाही, चेंडू थांबेपर्यंत कळ काढायची. मागून पालक विचारत असतात, “ताई, आमचे किती झाले?” प्रशिक्षक कागदात डोकावतात. अशा वेळी सामन्याआधी पंचांनी म्हटलेलं एक वाक्य फार उपयोगी पडतं: “काही शंका आली तर चेंडू थांबला की वाजव, मी येईन.”

टेबल आणि पंच यांच्यातला धागा तुटला की काय होतं, ते जगाने म्युनिकच्या 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये पाहिलं. टाइमआउटच्या गोंधळात शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि सोव्हिएत संघ अमेरिकेविरुद्ध 51-50 असा जिंकला. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही केली नाही, अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत.

शाळेच्या मैदानावरही सही तेवढीच मोठी असते. शेवटच्या आकड्याखाली दोन जाड आडव्या रेघा ओढल्या जातात, टेबलावरच्या सगळ्यांच्या सह्या होतात, मुख्य पंचांची सर्वात शेवटी. ती होईपर्यंत चूक दुरुस्त करता येते. म्हणून चांगला पंच, पाऊस आला तरी, रकान्यांवरून सावकाश बोट फिरवतो.

“हा फाऊल एकचा की अकराचा?”

“अकराचा, सर. तुम्ही उजवी मूठ दाखवली होती.”

सर सही करतात.