पापुद्र्यांमधलं पाणी

वाढवणच्या खडकात युरेनियमचं खनिज सापडायचं नाही. आमचा किनारा काळ्या बेसाल्टचा, आणि बेसाल्टात युरेनियम नावापुरतंच. पण दक्षिणेला तारापूर आहे. तिथलं अणुवीज केंद्र १९६९पासूनचं, त्यामुळे हा शब्द लहानपणीच कानावर पडला.

इंजिनीअरिंगला असताना ऑट्यूनाइटबद्दल वाचलं. काळ्या युरेनिनाइटला हवा-पाणी लागलं की त्यातल्या युरेनियमचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते पाण्यात उतरतं. वाटेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की पिवळ्या-हिरव्या पापुद्र्यांत पुन्हा बसतं. अतिनील दिव्याखाली हे पापुद्रे झगझगतात. त्यांच्या मधे पाणी असतं. नमुना कोरड्या कपाटात ठेवला तर त्यातलं बरंचसं उडून जातं. युरेनियम तेवढंच, फॉस्फेट तेवढंच. तरी खनिजशास्त्र त्याला वेगळं नाव देतं, मेटा-ऑट्यूनाइट.

ऑगस्ट २०२४मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ऑफिसातले मित्र म्हणतात, "बंदर तर समुद्रात भराव घालून होणार, गावाला कुठे हात लागतोय?" घरं राहतील, मान्य. पण मासेमारीचा समुद्रच गेला, तर उरेल त्याला वाढवण म्हणायचं का, एवढंच मी त्यांना विचारतो.