आजव्याच्या काठी अंगतपंगत

डिसेंबर लागला की बडोद्याची हवा पालटते. पहाटे नळाचे पाणी हाताला झोंबू लागते, बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग दिसू लागतात आणि आमच्या सायकल मंडळास नाताळच्या सहलीचे वेध लागतात. मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. शिक्षक, बँकेतील कारकून, एक निवृत्त पोस्टमास्तर, कॉलेजातील काही मुलेमुली आणि चार-पाच गृहिणी असा पंचवीस-तीस जणांचा हा मेळा. वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत, लांबचा पल्ला गाठावा आणि घरोघरचे डबे एकत्र मांडून जेवावे, हा आमचा शिरस्ता. आपण मराठी माणसे हिला अंगतपंगत म्हणतो, आमचे गुजराती सभासद उजाणी म्हणतात.

२०२४ च्या नाताळात कोठे जावे याचा विचार चालला असता कोणी तरी आजव्याचे नाव काढले आणि आम्ही एकदम "नको" म्हणालो. त्यामागील कारण सांगितले पाहिजे.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, गोकुळाष्टमीच्या सुमारास, बडोद्यावर जो पाऊस कोसळला तो येथील माणूस सहजी विसरणार नाही. विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, वसाहतीच्या वसाहती पाण्यात बुडाल्या आणि नदीतील मगरी रस्त्यांवर आल्या. आमच्या तळमजल्यावरील घरात कंबरभर पाणी होते. एम.ए.च्या वेळची, समासात टिपणे केलेली पुस्तके खालच्या दोन फळ्यांवर होती. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा हाती आला. त्या लगद्यातच आमच्या दिवंगत आईची पाककृतींची वही होती. पुस्तके पुन्हा विकत मिळतात. ती वही कोठून मिळणार? आजव्याचे सरोवर भरून वाहू लागले की ते पाणी विश्वामित्रीत येते, हे बडोद्यातील पोरसुद्धा जाणते. त्या सरोवराचे तोंड पाहू नये असे आम्हांस वाटले, तर वाचकांनी आम्हांस दोष देऊ नये.

मंडळाच्या चिटणीसबाई मात्र हसून म्हणाल्या, "सर, पाण्यावर रुसून कसं चालेल? लहानपणापासून तेच पाणी प्यालात ना?"

यावर उत्तर नव्हते. आमचे बालपण वाडी भागात गेले. तेथे नळाला येई ते आजव्याचेच पाणी. आम्ही निमूटपणे होकार दिला.

२५ डिसेंबरच्या पहाटे न्यायमंदिरापाशी सारे जमलो. अंधार होता, कानटोप्या आणि मफलर यांमुळे माणूस ओळखू येत नव्हता. लहेरीपुरा दरवाजातून आत शिरून मांडवी ओलांडली, पाणीगेटमधून बाहेर पडलो आणि आजव्याच्या रस्त्यास लागलो. येथून सुमारे वीस किलोमीटरची वाट. मोठी पातेली एका सभासदाच्या मोटारीतून मागून येणार होती. हमरस्ता ओलांडल्यावर शेते दिसू लागली, एरंडाच्या आणि तुरीच्या रानांवर धुके तरंगत होते. इतक्यात पोस्टमास्तरसाहेबांच्या सायकलीची साखळी उतरली. ही त्यांची काळी सायकल पुरात दोन दिवस बुडून होती. दुकानदाराने भंगारात काढा म्हणून सांगितले असता त्यांनी ती स्वतः सोडवली, रॉकेलने धुतली आणि पुन्हा जोडली. गिअरच्या सायकलींवर पुढे गेलेली मुले परत फिरली, साखळी चढवून दिली आणि नंतर निमेट्यापर्यंत साहेबांच्याच वेगाने चालली. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

आजव्यास पोहोचलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते. मातीचा लांबच लांब बांध, पलीकडे निळसर पाणी, त्यावर बदकांचे थवे आणि दूर धुरकट दिसणारा पावागड. महाराज सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे सरोवर बांधविले, तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर होती. त्यापूर्वी लोक विहिरी-तळ्यांचे पाणी पीत आणि रोगराईस बळी पडत. आज वस्ती कितीतरी पटींनी वाढली. शहरास महीचेही पाणी येते, तरी पूर्व भागाची तहान अजून आजवाच भागवितो.

बांधावर उभे राहून आम्ही बराच वेळ त्या पाण्याकडे पाहिले. ते शांत होते. रागावण्यासारखे त्यात काही सापडेना. मग एक गोष्ट मनात आली, ती कबूल करणे प्राप्त आहे. विश्वामित्रीला मिळणारी जी कोतरे पूर्वी पुराचे पाणी सामावून घेत, त्यांतील कित्येक बुजवून त्यांवर घरे उठली. आमची वसाहत अशाच एका सखल जागेवर आहे. घर घेताना आम्ही भाव विचारला, दिशा विचारली, शाळा किती लांब ते विचारले. पावसाळ्यात येथून पाणी कोठे जाते, हे विचारले नाही. भूगोल शिकविणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकास हे शोभले नाही.

साडेदहाच्या सुमारास झाडाखाली सतरंज्या पसरल्या. वांग्याचे भरीत आणि बाजरीच्या भाकऱ्या, मेथीचे ठेपले, उंधियुं, लिलव्याच्या कचोऱ्या, बडोद्याची म्हणून ओळखली जाणारी सेवउसळ, लसणाची चटणी, आणि एका ख्रिस्ती सभासदाच्या घरचा नाताळचा केक. आमच्या वरच्या मजल्यावरील बेन मोटारीतून पातेल्यांबरोबर आल्या होत्या. पुराच्या दोन दिवसांत साऱ्या इमारतीचे जेवण यांच्याच स्वयंपाकघरात झाले. कोणी तांदूळ दिले, कोणी मुगाची डाळ, कोणी भरलेला सिलिंडर जिन्यावरून वर नेला. आम्ही भिजलेल्या पुस्तकांपाशी बसून होतो तेव्हा जिन्यातून हाक आली होती, "सर, आधी जमून घ्या, मग पुस्तकं बघा." जमणे म्हणजे जेवणे, हे बडोदेकरांस सांगावे लागत नाही. खरे पाहता आमची त्या वर्षीची पहिली अंगतपंगत त्या जिन्यातच झाली होती.

बेननी आपला डबा उघडून आमच्यापुढे धरला. आत गूळपोळ्या होत्या. एक घास घेतला आणि आम्ही थांबलो. गुळात तीळ, खसखस आणि तेलात खमंग भाजलेले बेसन, वर जायफळाचा वास. ही आमच्या आईची पोळी होती.

"बांनी शिकवली होती," बेन म्हणाल्या. "तेव्हाच लिहून ठेवली. अजून आठ-दहा चीजा आहेत, गुजरातीत लिहिलेल्या. वही वरती होती ना, म्हणून राहिली."

आमच्याने काही बोलवेना. चिटणीसबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात वाढला आणि दुसराच विषय काढला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

परतताना वारा समोरून होता, पाय भरून आले होते. तरी पाणीगेटपर्यंत कोणी मागे पडले नाही. नंतरच्या रविवारी आम्ही बेनकडून ती वही मागून आणली आणि त्यातील कृती बालबोध लिपीत उतरवून काढल्या. त्या करताना दोन शब्द अडले, ते जिना चढून विचारून आलो. नवी वही आता सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आहे. तिची एक प्रत वरच्या मजल्यावरही दिली आहे.