मीटर शेवटी बघा

जालना जिल्ह्यात सेकंडहँड छोटी एसयूव्ही बघायला गेलेला माणूस आधी मीटर बघतो. माझ्या मते मीटर सगळ्यात शेवटी बघावं. आकडा मागे फिरवता येतो, आणि खरा असला तरी गाडी कुठे चालली हे तो सांगत नाही. समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगात लाखभर किलोमीटर धावलेली गाडी मी घेईन. भोकरदन-मंठ्याकडच्या शेतवाटांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटलेली चाळीस हजारांची घेणार नाही. अशा वाटा क्लच प्लेट, बुश आणि शॉकअप खातात. म्हणून गाडी रॅम्पवर चढवावी, शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का, खालच्या पत्र्याला नवं वेल्डिंग आहे का ते पाहावं. टायरवरचे चार आकडेही वाचावेत: 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर एप्रिल-मेच्या उन्हात समृद्धीवर नेऊ नये.

डिझेल परवडतं, असं अनेकजण म्हणतात. 2016 ला आलेली विटारा ब्रेझा 2020 पर्यंत फक्त डिझेलमध्येच होती. तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. पण नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर लांब पल्ल्याशिवाय साफ होत नाही. रोज घर ते मोंढा एवढंच जाणं-येणं असेल, तर पेट्रोलच बरं. इकोस्पोर्ट स्वस्तात मिळते, गाडीही दणकट आहे. मात्र फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तेव्हा भाग कुठून मिळतील हे आधी मेकॅनिकला विचारावं.

एवढी कटकट असेल तर त्याच पैशात नवी छोटी कार का नको? हा आक्षेप रास्त आहे. कायम डांबरी रस्त्यावर राहणाऱ्याने नवीच घ्यावी. पण पावसाळ्यात चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर ब्रेझाचा 198 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स खरोखर उपयोगी पडतो. फक्त सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. ऑइल, कूलंट, ब्रेक आणि टायर यांसाठी रक्कम बाजूला ठेवावी. इथल्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीआधीच बदलावा, पावसाळ्यात चाकांमागचा चिखल धुवावा. आणि फॉर्म 29 व 30 वर सह्या होऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नये. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.