हप्ता महिन्याचा, माल हंगामाचा

एकरी बियाणे किती, खत किती, हा हिशेब मी तीस वर्षे शेतकरी बंधूंना सांगत आलो. घराचा हिशेब मात्र माझ्याच घरात चुकला.

माझा धाकटा चुलत भाऊ लोहारा तालुक्यात शेती करतो. मुलांच्या शाळेसाठी २०२२ साली त्याने उमरग्यात घर घ्यायचे ठरवले. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापासून माणूस आधी भिंत ठोकून बघतो. कागद कोणी ठोकून बघत नाही. तो बघितला माझ्या भावजयीने. एक घर स्वस्तात मिळत होते, पण नुसत्या बाँडवर. ती म्हणाली, "उद्या त्याच्या भावानं हक्क सांगितला तर आम्ही कुठं जायचं?" तिचे बरोबर होते. बाँडवर लिहून घेतल्याने घर नावावर होत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखतच लागते. शेवटी दुसरे घर घेतले, १४ लाखांचे, तिच्या एकटीच्या नावावर. बाईच्या नावे राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. तेवढ्यात १४ हजार वाचले.

इथपर्यंत सगळे ठीक. चुकले ते पुढे. १० लाख बँकेचे कर्ज, २ लाख सोयाबीनचे आणि उरलेले २ लाख पीककर्जातले. "अण्णा, सही करा, दिवाळीला सगळं फेडतो," म्हणाला. मी जामीन राहिलो.

व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता जवळपास ९ हजार. त्याला हप्ता लहान वाटला. मी कागद-पेन्सिल घेऊन तेव्हा बसायला हवे होते. वीस वर्षांत १० लाखांचे साडेएकवीस लाखांवर जातात. पहिल्या वर्षी १ लाख ८ हजार भरले, त्यातून मुद्दल फिटले जेमतेम १९ हजार! मुदत १५ वर्षे घेतली असती तर हप्ता साडेअकराशेने वाढला असता, पण एकूण सव्वातीन लाखांवर वाचले असते.

आणि खरी गोम वेगळीच. बँक दरमहा मागते. आपला पैसा येतो दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, नंतर हरभऱ्याचा. मधले महिने कोरडे. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरअखेर सरकारने लोहारा तालुक्यात दुष्काळ जाहीर केला. हप्ते थकले. पीककर्जाची मुदत हुकली, व्याजाची सवलत गेली, आणि रब्बीला बियाण्यालाही हात पसरायची पाळी आली. बँकेची नोटीस माझ्याही पत्त्यावर आली. मी भावावर रागावलो, पण कोणत्या तोंडाने? पीककर्ज पिकालाच लावा, असे गावोगाव सांगणारा मीच ना!

म्हैस विकली, भावजयीच्या पाटल्या तारण ठेवल्या, मी काही भरले. मग तिघे बसलो. सोयाबीन विकले की आधी सहा हप्त्यांचे ५४ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, त्याला हात लावायचा नाही. वर काही उरले तर थेट मुद्दलात. बदलत्या व्याजदराचे घरकर्ज असे मुदतीआधी फेडले तर दंड लागत नाही. काही ठिकाणी शेतकऱ्याला सहामाही हप्ताही बांधून मिळतो. पण तो कर्ज घेतानाच मागावा लागतो. आम्ही विचारलेच नव्हते.

आता हप्ते वेळेवर जातात. पाटल्या अजून बँकेतच आहेत. भावजय त्याबद्दल बोलत नाही, मीही विचारत नाही.